मॉलिब्डेनमच्या जागी

त्या रविवारी घरात तिखट चाळणं चाललं होतं. डंकावरून कुटून आणलेल्या मिरच्यांचा डबा पुढ्यात घेऊन आई मागच्या दारी पत्र्याच्या सावलीत बसली होती. नाकातोंडावर पदर घट्ट बांधलेला, हात कोपरापर्यंत लाल. आत पंख्याखाली सुनेत्रा बी.एस्सी.च्या उत्तरपत्रिका तपासत होती आणि दर दोन-तीन पानांनी शिंकत होती. परभणीतला एप्रिलमधला कोणताही रविवार असतो तसाच तो होता. सकाळीच ओस पडलेला रस्ता, कूलरमधल्या वाळ्याचा ओला वास, समोरच्यांनी बोअरची मोटर लावून विसरलेली. पुढच्या खोलीत आप्पा पेपर वाचत होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून ते पेपर मोठ्यानं वाचत, ऐकायला कुणी असो नसो. मध्येच थांबून त्यांनी आतल्या दिशेनं आवाज टाकला, "गोळी घेतलीस का?" मागच्या दारातून, पदराआडून उत्तर आलं, "घेतली की." सुनेत्रानं एका मुलाला अडीच गुण दिले, मग अक्षर चांगलं म्हणून तीन केले. गोळी म्हणजे बीपीची, हे तिनं इतकं गृहीत धरलं होतं की ते बोलणं तिच्या कानावर पडलं पण आत शिरलं नाही. शिरलं ते नंतर, आणि मग बाहेर पडायचं नावच घेईना.

जेवायच्या आधी आई आत आली ती डोळे चोळतच. "बघ जरा माय, तिखट गेलं वाटतं. माती भरल्यावानी खुपायलंय." सुनेत्रानं तिला खिडकीशी नेलं, उजेडाकडे तोंड करायला लावून पापणी उलटून पाहिली. आतून सगळं लालभडक. आप्पा पेपरावरून डोकावले. "मिरची तुला लागली का तू मिरचीला?"

"लय हसू येतंय तुमाला. तुमी चाळा की मग."

"आमी चाळलेलं कोण खाईल? त्यात खडे निघतील, सरकारी चाळणी हाय आमची."

तिघंही हसली. मग येसराची आमटी, भाकरी, कांदा. नवं तिखट घालून बघितलं होतं. आप्पांनी आमटी दोनदा मागून घेतली. आई शेवटी बसली आणि चार घासांत उठली. घशात टोचायलंय म्हणाली. तोही दोष तिखटाला गेला. संध्याकाळी अंग मोडून आल्यासारखं वाटतंय म्हणून ती लवकर आडवी झाली, आणि झोपता झोपता म्हणाली, "बरणीचं झाकण नीट लाव गं, वास उडून जातो." त्या घरातलं शेवटचं साधं वाक्य ते. पुढं कित्येक दिवस सुनेत्रा तो रविवार हातात घेऊन फिरवून फिरवून बघत राहिली. प्रयोगशाळेत स्फटिक भिंगाखाली धरून तडा कुठून सुरू झाला ते शोधायची तिला सवय होती. तडा दिसत होता. लाल डोळे, टोचणारा घसा, कणकण. पण प्रत्येकाचं उत्तर मिरचीच्या डब्यात तयार होतं, आणि ते इतकं घरगुती, इतकं पटणारं होतं की दुसरं शोधायचं कुणाच्या मनात आलं नाही. गल्लीतल्या डॉक्टरच्याही आलं नाही. त्यांनी व्हायरल म्हणून सांगितलं. मग ओठ सुजले. मग छातीवर गुलाबी चट्टे उठले, ते गडद झाले, एकमेकांत मिसळले. ताप उतरावा म्हणून सुनेत्रा आईची पाठ ओल्या टॉवेलानं पुसायला गेली, तेव्हा टॉवेलाबरोबर पाठीची कातडी आली. ओल्या कागदासारखी. तिनं टॉवेल तसाच धरून ठेवला, खाली ठेवायचं तिला सुचेना. आई ओरडली नाही. "ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणाली.

नांदेडच्या दवाखान्यात तिला जळालेल्या माणसांच्या वॉर्डात ठेवलं. ती जळालेली नव्हती, पण तसल्या अंगाला ठेवायला दुसरी जागा नव्हती. चादर अंगाला चिकटायची, म्हणून सिस्टरनं केळीची पानं आणायला सांगितली. केळीच्या पानाला कातडी चिकटत नाही. सुनेत्राला वाटलं होतं, असलं काही आप्पांना जमणार नाही, बाजारातून कोथिंबीर आणतानाही ते चिडायचे. पण आप्पा पहाटे उठून अर्धापूरच्या रस्त्यावर जाऊ लागले. तिथं केळीचे मळेच मळे. कोवळी, न फाटलेली, मधली शीर मऊ असलेली पानं ते स्वतः निवडून कापून घेत, ओल्या पोत्यात गुंडाळून रिक्षानं आणत, आणि वॉर्डाच्या नळाखाली एकेक पान धूत. सिस्टर म्हणाली, "काका, पानं एक नंबर आणता तुम्ही." आप्पांच्या चेहऱ्यावर क्षणभर जे आलं ते सुनेत्रानं पाहिलं. कौतुक झालेल्या माणसाचा चेहरा. त्या पानांवर आई झोपे. हिरव्या चकचकीत पानांवर, देवापुढं वाढल्यासारखी. बघायला नको वाटे, आणि दुसरीकडे कुठं बघायलाही जागा नसे.

डॉक्टर तरुण होता, घाईत बोलायचा. पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, "नवीन गोळी कोणती सुरू केली होती? गेल्या महिना-दीड महिन्यात?" आप्पा म्हणाले, "बीपीची तेवढी. जुनीच हाय ती. दुसरं काहीच न्हाई." सुनेत्रानंही मान हलवली, कारण तिलाही तेवढंच माहीत होतं. त्याच दुपारी, आप्पा जेवायला खाली गेलेले असताना, आईनं तिला खुणेनं जवळ बोलावलं. ओठ उघडताना रक्त यायचं, म्हणून ती ओठ न हलवता बोलली, आणि ते शब्द ऐकायला सुनेत्राला तिच्या तोंडावर कान न्यावा लागला.

"तुझ्या आप्पाची गोळी घेत व्हते मी. गुडघ्याला. डॉक्टरनं त्यांना जास्ती ताकदीची दिली न्हव का, तव्हा आदीच्या उरल्या व्हत्या. म्हणले, वाया कशाला घालायच्या. माझं दुखणं गेलं, तुझं बी जाईल."

आईनं दम घेतला.

"तुझ्या अभ्यासातली गोळी हाय म्हणले. मला बरं वाटलं. म्हणलं, आपल्याबी पोटात जाऊ दे काहीतरी तुझ्या शिक्षणातलं."

पलीकडच्या खाटेवरची बाई कण्हत होती. "त्यांना बोलू नको," आई म्हणाली. "चांगल्यापायीच दिली त्यांनी. माझ्यामागंबी बोलू नको, सुनू." सुनेत्रानं मान हलवली, तशीच उठली, व्हरांड्यात डॉक्टरला गाठून गोळीचं नाव सांगितलं. डॉक्टर थांबला. घाईचा माणूस पहिल्यांदाच थांबलेला तिनं पाहिला. संध्याकाळी त्यानं आप्पांना बाजूला घेतलं, सुनेत्रा तिथंच उभी होती, आणि शांतपणे सांगितलं, "काका, ती गोळी लाखातल्या काही जणांना अशी सोसत नाही. एकाची गोळी दुसऱ्याला देत जाऊ नका." आप्पा आपल्या चपलांकडे बघत होते. "बरं साहेब," म्हणाले. मग म्हणाले, "पानं वाळायलीत, बघतो जरा," आणि गेले.

तुझ्या अभ्यासातली गोळी. दोन वर्षांपूर्वी आप्पांच्या पायाचा अंगठा रातोरात टोमॅटोसारखा सुजला होता, पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नव्हता. युरिक ॲसिड वाढलेलं निघालं. डॉक्टरनं लिहून दिलेल्या गोळीचं नाव वाचून सुनेत्राचा चेहरा असा उजळला होता की आप्पा म्हणाले, "काय लॉटरी लागली का?" लागलीच होती म्हणायची. हैदराबादला पीएच.डी.ची सगळी वर्षं तिनं ज्या धातूवर घालवली, तो धातू तिला पहिल्यांदाच स्वतःच्या घरी, जेवणाच्या टेबलावर भेटत होता. मॉलिब्डेनम. हे नाव ऐकून कॉलेजातली पोरं हसतात आणि घरी कुणाला उच्चारता येत नाही. माणसाच्या सबंध शरीरात मिळून तीळभर असतो, पण तेवढा नसेल तर माणूस जगत नाही. त्या दिवशी तिनं ताटातली लिंबाची फोड उचलून मध्ये ठेवली होती. हा धातू. दोन चमचे चिमट्यासारखे तिला लावले होते. हे दोन गंधक, यांनी त्याला धरून ठेवलंय, प्रथिनाच्या पोटात. वर एका बाजूला ऑक्सिजन, एका बाजूला आणखी एक गंधक, आणि एक पाण्यातून आलेला ऑक्सिजन, तो द्यायचा. समोर रेणू आला की धातू त्याला तो ऑक्सिजन देतो, त्याच्याकडून दोन इलेक्ट्रॉन घेतो. असं करत करत शेवटी युरिक ॲसिड होतं. आता ही गोळी. ही दिसायला त्या रोजच्या रेणूसारखीच. हा धातू पोटात घेऊन बसलेलं प्रथिन, म्हणजे एन्झाइम, फसतं. तिलाही ऑक्सिजन देतं. आणि दिल्याबरोबर जे तयार होतं ते पुढं सरकतच नाही. उलट वळतं आणि थेट धातूलाच चिकटून बसतं. नायट्रोजनचा आणि मॉलिब्डेनमचा बंध. म्हणजे बघा आप्पा, कुलूप एन्झाइमनं स्वतःच घडवलं आणि स्वतःलाच लावून घेतलं.

आप्पांना ते भयंकर आवडलं. "म्हंजे साहेबानं स्वतःच्या हातानं लाच घेतली, आन त्याच लाचेनं त्याला खुर्चीला बांधून टाकलं. आता सही करंना का फाईल फुडं ढकलंना." तेव्हापासून येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगू लागले: आमच्या सुनेत्राच्या अभ्यासातली गोळी हाय ही. तिनं दोनदा दुरुस्त करून पाहिलं, की गोळीत तो धातू नसतोच, तो आपल्यात असतो. पण आप्पांच्या तोंडात एकदा बसलेली गोष्ट बदलत नसे. आई त्या वेळी त्यांच्याकडे पाठ करून भाकरी थापत होती. थाप थाप थाप. भाकरी तव्यावर टाकून, वळून न बघता तिनं विचारलं होतं, "मग सुटत न्हाई का ते कधी?" सुनेत्रा म्हणाली, "सुटतं. काही तासांनी. धातूनं घेतलेले इलेक्ट्रॉन परत देऊन टाकले की पकड सैल होते. म्हणून तर रोज घ्यावी लागते." आई म्हणाली, "बरं हाय. सुटतं तरी." आणि भाकरी उलटली.

आता त्या वॉर्डाच्या बाकावर बसून सुनेत्राला सगळ्यात जास्त चीड कशाची येत असेल तर या गोष्टीची, की त्या बंधाचा यात काही संबंधच नव्हता. लिंबू, चमचे, गंधक, धातू, सगळे निर्दोष होते. धातूनं आईच्या शरीरातही आपलं काम चोख केलं असणार. गोळी येऊन बसली असेल, तासांनी सुटली असेल. आईला गाठलं होतं ते वेगळ्याच जागेवरून. काही घराण्यांत पेशींच्या पृष्ठभागावरची एक खोबण अशी असते की ही गोळी तिच्यात जाऊन टेकते, चिकटतही नाही धड, नुसती टेकते, आणि तेवढ्यानं शरीराचे पहारेकरी आपल्याच कातडीला परकं समजू लागतात. तोही एक बंध. सैल, क्षणभराचा, धातूशिवायचा. तिच्या विषयात असल्या बंधाला कुणी विचारत नाही. इतकी वर्षं तिनं भक्कम बंधांची लांबी दशांश चिन्हापुढं मोजली, आणि घरातलं माणूस मरणाच्या दारी आलं ते एका टेकण्यानं.

मध्ये एकदा कपडे आणायला ती आणि आप्पा पॅसेंजरनं परभणीला निघाले. आईजवळ तेवढ्यापुरती शेजारची बाई थांबली होती. चुडावा स्टेशन जवळ आलं तसे आप्पा नेहमीप्रमाणे उठून दारात गेले. त्यांचं गाव ते. सगळ्या आयुष्यात ही गाडी तिथं थांबली आणि आप्पा उठले नाहीत असं झालं नव्हतं. "लग्न झाल्यावर तुझी आई पहिल्यांदा इथं उतरली," ते बाहेर बघत म्हणाले. "राणीसावरगावची पोर, रेल्वेत कव्हा बसलेली नव्हती. उतरताना चप्पल खाली रुळावर पडली. म्हणली, ऱ्हाऊ द्या. अनवाणी आली घरापर्यंत." गाडी हलली. ते परत येऊन बसले, हातांनी गुडघे धरले आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "मी दोन वर्षं झालं घ्यायलोय ती गोळी. मला झालं का काही?" तेवढंच. त्या गोळीबद्दल ते पहिल्यांदा बोलले, आणि ते असं. सुनेत्रानं खिडकीबाहेर पाहिलं. कापूस काढून झालेली काळी रानं, मधूनच एखादा उसाचा हिरवा तुकडा. तिला मान हलवलेली आठवत होती. दिलेला शब्द तोंडात एखाद्या बीसारखा होता. थुंकताही येत नव्हता आणि गिळताही.

हैदराबादचे तिचे सर म्हातारे होते. ते म्हणायचे, धातू आणि ते दोन गंधक यांच्यामध्ये जो इलेक्ट्रॉन असतो तो कुणाचा हे विचारू नकोस. अर्धा याचा, अर्धा त्याचा, कधी सगळा याचा, कधी सगळा त्याचा. असल्या गंधकांना रसायनशास्त्रात निष्पाप म्हणत नाहीत; अगदी असाच शब्द आहे. तिला त्या शब्दाची गंमत वाटायची. बाकावर बसून तिनं तो शब्द आप्पांसाठी वापरून बघितला. आप्पांनी दिली. आईनं घेतली. आपण लिंबू-चमचे मांडून सांगितलं. डॉक्टरनं ताकद वाढवली म्हणून उरल्या. नाहीच ठरत कुणाचं काय. काही वेळ बरं वाटलं. मग ते बरं वाटणं तिला शोभेना. इलेक्ट्रॉन कुणाचा ते ठरत नाही, खरं आहे. गोळ्यांची पट्टी कुणी हातात दिली ते ठरतं. आणि डॉक्टरनं विचारल्यावर "दुसरं काहीच न्हाई" कोण म्हणालं तेही ठरतं. आईचे गुडघे दहा वर्षं दुखत होते आणि एकदाही दवाखान्याची पायरी चढले नव्हते. आप्पांच्या अंगठ्यासाठी मात्र दुसऱ्याच दिवशी नांदेड गाठलं होतं. हेही ठरतं.

आई गेली त्या सकाळी आप्पा पानं घेऊन येतच होते. पोतं हातात घेऊन ते दारात उभे राहिले, आणि सिस्टरनं काही म्हणायच्या आत त्यांना कळलं. पोतं त्यांनी कोपऱ्यात नीट उभं करून ठेवलं, पानांना घडी पडू नये असं. मग भिंतीला डोकं लावून रडले, लहान पोरासारखे, नाक गळेपर्यंत. ते रडणं खोटं नव्हतं. खोटं असतं तर सुनेत्राला सोपं गेलं असतं.

घरी भेटायला येणारी माणसं येऊ लागली. पुढच्या खोलीत सतरंजीवर बसून आप्पा सांगत, "इन्फेक्शन झालं. रक्तात गेलं. डॉक्टरनी लय प्रयत्न केले." माणसं चक् चक् करत. कुणी म्हणे, सवाष्ण गेली, भाग्याची. दर वेळी ती गोष्ट थोडी गुळगुळीत होत गेली, आणि शेवटी शेवटी तिच्यात मिरचीही नव्हती, लाल डोळेही नव्हते. सुनेत्रा आत चहा करत ऐके. पाच-सहा दिवसांत तिच्या लक्षात आलं की ती चहा आईच्याच पातेल्यात, आईच्याच मापानं करायलीय. आप्पा पुढून हाक मारत, "चहा," नाव न घेता, आणि ती जाई. त्यांचा टॉवेल दोरीवर कुठल्या टोकाला, पाण्याचा तांब्या उशाशी कुठल्या बाजूला, सगळं तिच्या हातांना ठाऊक होतं. एके दिवशी कप उचलायला गेली तर त्यात अर्धा चहा, वर बशी झाकलेली. आप्पा नेहमीच अर्धा ठेवत. तो आई प्यायची. गार झालेला, साय आलेला. सुनेत्रा कप हातात घेऊन मोरीशी उभी राहिली, आणि तिला टंगस्टन आठवला.

सरांनी तिला टंगस्टनही करायला लावला होता. आवर्तसारणीत तो मॉलिब्डेनमच्या बरोबर खाली. मोठा असायला हवा, पण मधल्या मूलद्रव्यांच्या गर्दीनं आक्रसून तो नेमका मॉलिब्डेनमएवढाच राहतो. तेच आकारमान, तेवढेच बंध, त्याच कोनात. उंदराला टंगस्टन खाऊ घातला तर उंदराचं शरीर तो बिनतक्रार उचलतं, मॉलिब्डेनमच्या जागी नेऊन बसवतं, दोन्ही गंधक त्याला जसेच्या तसे धरतात. बाहेरून पाहिलं तर कुठं काही चुकलेलं नाही. फक्त ते एन्झाइम काम करत नाही. टंगस्टनला ऑक्सिजन सोडवत नाही, इलेक्ट्रॉन घ्यायचं जिवावर येतं. समुद्राच्या तळाशी उकळत्या पाण्यात राहणारे काही जीव आहेत, त्यांना तोच चालतो. इथं, माणसाच्या अंगाच्या ऊबेत, तो नुसता जागा अडवून बसतो. रिकामी जागा निदान रिकामी तरी दिसते. तिनं उरलेला चहा मोरीत ओतला. दुसऱ्या दिवशी कपात पुन्हा अर्धा होता. तिनं पुन्हा ओतला. आप्पांनी काही विचारलं नाही, आणि ठेवायचं थांबवलंही नाही.

तेराव्याला पंगत होती. पत्रावळी सांगू या म्हणून सुनेत्रा म्हणाली, तर आप्पा म्हणाले, "पत्रावळी कामून? अर्धापूरचा तो मळेवाला चांगली पानं देतो. ओळखीचा झालाय आता. मी फोन केलाय." सुनेत्राला आधी वाटलं आपण नीट ऐकलं नाही. पानं आली. ओल्या पोत्यात, तशीच. पुढच्या अंगणात ती ओळीनं मांडली गेली, त्यांच्यावर पाणी शिंपडलं गेलं, वर वरण-भात, बुंदी, आळूची भाजी. लोक हातानं पान पुसून जेवायला बसले. कुणीतरी म्हणालं, पानावरच्या जेवणाची गोडीच वेगळी. सुनेत्रा वाढत होती. भाताची मूद पानावर ठेवताना तिला दर वेळी पानाची हिरवी ओलसर चकाकी बोटाला लागे आणि बोट आपोआप मागं येई. आप्पा पंगतीतून फिरत होते, "सावकाश होऊ द्या," म्हणत. त्यांना खरंच आठवत नसेल का? का आठवत होतं, आणि आठवूनही ती पानं फक्त पानं व्हावीत म्हणून त्यांनी मुद्दाम मागवली होती? तिला ठरवता येईना. आप्पांचा चेहरा पाहुण्यांच्या गर्दीत सगळ्यांसारखाच दिसत होता, घामेजलेला, आतिथ्यशील.

चार वाजेपर्यंत माणसं पांगली. द्वारकामावशी तेवढी राहिली होती. आईची धाकटी सख्खी बहीण, जिंतूरची. तिला साडेपाचची एसटी गाठायची होती. ती पिशवी भरून खाटेवरून उठली, ती गुडघ्यावर हात दाबून, तोंड वाकडं करून. अगदी आईसारखी. तिचं तिलाच हसू आलं. "आमच्या बापानं इस्टेट काय दिली म्हणशील सुनू, तर हे गुडघे. ताईला दोन, मला दोन. वाटणीत भांडण न्हाई झालं."

आप्पाही हसले. मग काहीतरी आठवल्यासारखे आत गेले. स्वयंपाकघरात डबा उघडल्याचा आवाज आला. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, त्यात घरातली औषधं असत. ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात दोन पट्ट्या होत्या.

"द्वारका, गुडघ्याला काय घेतीस?"

"काय घ्यायचं दाजी. तेल चोळती आन गप पडती."

"ह्या घेऊन जा. कमलच्या उरल्यात. रोज एक, जेवल्यावर."

"कशाच्या हायत?"

"वाताच्या. सुनूच्या अभ्यासातली गोळी हाय ही, इचार तिला. मी सोता घ्यायलोय, दोन वर्षं झाली. काही होत न्हाई."

काही होत नाही, हे ते मावशीला म्हणाले, पण बघत होते सुनेत्राकडे. कितीतरी दिवसांनी सरळ तिच्या डोळ्यांत. आणि तिथं, दाराला पाठ लावून उभं असताना, तिला एकदम सगळं स्वच्छ दिसलं. ही नुसती काटकसर नव्हती. आप्पांना कुणीतरी ती गोळी खाऊन धडधाकट राहायला हवं होतं. आईच्याच रक्ताचं कुणीतरी. मग गोळी सुटेल, आप्पा सुटतील, आणि जिंतूरच्या एका बाईचे गुडघे तेवढे दुखायचे थांबतील, किंवा थांबणार नाहीत. ती खोबण घराण्यात वाहते. सख्ख्या बहिणीत असायची शक्यता किती हे सुनेत्राला ठाऊक होतं, आणि स्वतःतही किती तेही. आप्पांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना फक्त डॉक्टरचं एक वाक्य ठाऊक होतं, आणि ते त्यांनी चपलांकडे बघत ऐकलं होतं.

"ताईच्या हायत का? आणा मग," मावशी म्हणाली. पट्ट्या हातात घेऊन तिनं त्यांच्यावरून एकदा अंगठा फिरवला, मधले फुटलेले रिकामे कप्पे चाचपले. तेवढ्या गोळ्या आईनं घेतलेल्या होत्या. मग तिनं त्या बटव्यात टाकल्या आणि दोरी ओढली.

बोलू नको. माझ्यामागंबी बोलू नको. सुनेत्राला आईच्या तोंडाचा वास आठवला, रक्ताचा आणि औषधाचा. त्या दिवशी आई पाठ करून भाकरी थापत होती. मग सुटत न्हाई का ते कधी?

"मावशी," ती म्हणाली, "त्या पट्ट्या इकडं दे."

"कामून गं?"

"दे."

"आगं ऱ्हाऊ दे की," आप्पा म्हणाले, "तिच्या कामाला येतील. उगं वाया..." आणि तिथं ते थांबले. शब्द अर्धाच राहिला. मावशी एकदा त्यांच्याकडे, एकदा हिच्याकडे बघत होती, बटव्याची दोरी बोटाला गुंडाळलेली.

"सुनेत्रा," आप्पा हळू आवाजात म्हणाले. त्यांनी तिचं पूर्ण नाव घेतलं. आवाजात धाक नव्हता, विनवणी होती, आणि ती ऐकून तिला त्यांची दया आली. दया आली तरी आवाज वर्गातल्यासारखाच निघाला, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा, स्वतःलाही परका वाटावा असा.

"खाऊ नकोस मावशी. आई याच गोळीनं गेली. इन्फेक्शन नव्हतं काही. गुडघ्यासाठी तिला दवाखान्यात नेलं नाही, तुमचं उरलेलं औषध दिलं, आप्पा. तुम्ही दिलंत. आणि ते तुम्हाला माहीत आहे."